सेरामपूरचा मिशन छापखाना : मुद्रणखर्च आणि त्याचे नियंत्रण

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय भाषांतील मुद्रणाचे सर्वांत मोठे केंद्र बंगालमधील सेरामपूर येथे होते. हुगळीकाठच्या या डॅनिश वसाहतीत विल्यम कॅरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड यांनी इ. स. १८०० मध्ये छापखाना सुरू केला. कॅरीचे मराठी व्याकरण येथेच १८०५ मध्ये देवनागरीत, तर मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांत छापला गेला. एवढ्या भाषांचा भार पेलणाऱ्या या संस्थेचा इतिहास बहुधा धर्मप्रसाराच्या किंवा भाषाभ्यासाच्या अंगाने लिहिला जातो. तिच्या खर्चाचा विचार मात्र क्वचितच होतो.

पहिला प्रश्न खिळ्यांचा होता. जोडाक्षरे व स्वरचिन्हे यांमुळे भारतीय लिप्यांना रोमन लिपीपेक्षा कितीतरी अधिक खिळे लागतात आणि ते लंडनहून करवून घेणे अतिशय महाग पडे. चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली तयार झालेला पंचानन कर्मकार सेरामपूरला आला आणि हा प्रश्न सुटला. त्याने व त्याच्या मागे त्याचा जावई मनोहर याने तेथेच ठसे कोरले. ओतशाळा घरची झाल्याचे मोल मार्च १८१२ च्या आगीत कळले. छापखाना भस्मसात झाला, परंतु ठसे व मातृका वाचल्या. वितळलेल्या धातूतूनच नवे खिळे ओतून काम पुन्हा उभे राहिले.

खिळ्यांचा आकार हीदेखील खर्चाचीच बाब होती. अक्षर जितके मोठे, तितका कागद अधिक. म्हणूनच बंगालीसारख्या लिप्यांची अक्षरे पुढे लहान करण्यात आली. वाचकाला हा बदल सौंदर्याचा वाटला असेल. छापखान्याच्या दृष्टीने तो कागदाच्या बचतीचा होता.

खरी अडचण कागदाचीच होती. देशी कागदाला तांदळाची खळ दिलेली असल्याने त्याला कसर व वाळवी लागे. ग्रंथ रेंगाळला तर शेवटचे फर्मे छापून होण्यापूर्वीच पहिले फर्मे किड्यांनी खाल्लेले असत. विलायती कागद टिकाऊ, पण महाग. त्यामुळे संस्थेने स्वतःच कीड न लागणारा कागद तयार करण्यास प्रारंभ केला.

या कागद-कारखान्यातील लगदा करण्याचे यंत्र पायचक्कीवर चाले आणि तिच्यावर चाळीस माणसे पाळीपाळीने राबत. त्यांपैकी एकजण अपघातात मरण पावला. स्वस्त कागदाची किंमत ठरविताना हा मृत्यूही जमेस धरावयास हवा. पुढे इंग्लंडमधील बोल्टन येथून बारा अश्वशक्तीचे वाफेचे इंजिन आणण्यात आले व मार्च १८२० मध्ये ते सुरू झाले.