ख्रिस्ती मिशन आणि कुष्ठसेवा

दानधर्माची परंपरा आपल्या देशाला नवी नाही. देवळाच्या पायरीशी, नदीच्या घाटावर, यात्रेच्या वाटेवर बसलेल्या महारोग्याच्या कटोऱ्यात पैसा टाकल्यावाचून पुढे न जाणारे भाविक पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. पण तो पैसा वरून टाकला जाई. हाताला हात लागू नये, ही काळजी देणाराही घेई आणि घेणाराही. त्या कटोऱ्यामागच्या हाताचे काय झाले आहे, तो पुन्हा कामाला लागू शकेल काय, हा प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नसे. ख्रिस्ती मिशनांनी या रोग्यांसाठी आपल्या देशात जे कार्य केले, त्याचा इतिहास म्हणजे एका अर्थाने या प्रश्नापर्यंतचा प्रवास आहे; आणि तो प्रवास पाऊण शतकाचा आहे.

त्याचा आरंभ अंबाल्यास झाला. वेलस्ली बेली हा आयरिश तरुण 1869 मध्ये हिंदुस्थानात आला, तो पोलीस खात्यात नोकरी करावी या इराद्याने. पुढे त्याचे मन पालटले व तो अंबाल्याच्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या शाळेत शिक्षक झाला. तेथील मॉरिसन या ज्येष्ठ मिशनऱ्यांनी त्याला एके दिवशी जवळच असलेल्या महारोग्यांच्या झोपड्या दाखविल्या. त्या दर्शनाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. 1874 मध्ये मायदेशी गेला असता त्याने डब्लिनजवळ या रोग्यांची हकीकत सांगितली. ती ऐकून पिम नावाच्या तीन भगिनींनी वर्षाकाठी 30 पौंड जमविण्याचे वचन दिले. ‘मिशन टू लेपर्स’ या संस्थेचा पाया तो हाच. एवढ्या अल्प भांडवलावर 1875 मध्ये हिमालयातील चंबा येथे तिचा पहिला आश्रम निघाला.

त्यानंतर कार्य झपाट्याने वाढले. 1888 मध्ये उफमान या जर्मन मिशनऱ्यांनी पुरुलियास आश्रम स्थापिला, तो पुढे मोठ्या वसाहतीच्या योग्यतेस चढला. पिथोरागढजवळ चांडाग या डोंगरावर मेरी रीड ही अमेरिकन बाई 1891 मध्ये येऊन राहिली. हिंदुस्थानात काम करीत असतानाच तिला हा रोग जडला होता, आणि रजेवर मायदेशी गेली असता त्याचे निदान झाले. तेथेच राहण्याऐवजी ती परत आली, आणि 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच डोंगरावर आपल्यासारख्याच रोग्यांची सेवा करीत राहिली. अशा जीवनापुढे कोणाचेही मस्तक नम्र व्हावे.

परंतु इतिहासकाराला केवळ नमस्कार करून भागत नाही. या आश्रमांत मिळत असे ते अन्न, वस्त्र, डोक्यावर छप्पर आणि जखमांना पट्टी. नॉर्वेतील हॅन्सन यांनी 1873 मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता, तथापि त्यावर खात्रीचे औषध त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे नव्हते. चौलमुग्र्याच्या तेलावर वैद्यांची भिस्त होती, आणि त्याचा गुण अनिश्चित होता. तेव्हा आश्रमात आलेला मनुष्य बहुधा तेथेच मरावयाचा. स्त्रीपुरुषांना वेगळे ठेवण्याची रीत बहुतेक ठिकाणी होती. निरोगी मुलांना आईबापांपासून दूर करून निराळ्या घरात वाढविले जाई. सरकारही दरडोई अनुदान देऊन या आश्रमांच्या पाठीशी उभे असे. 1898 च्या लेपर्स अ‍ॅक्टने तर निर्धन महारोग्याला वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार पोलिसांना दिला. अटकेची ही तरतूद निर्धनालाच लागू होती. ज्याच्या घरी पैसा होता त्याचा रोग या तरतुदीच्या नजरेस पडत नसे! शासनाच्या सेवेत असणाऱ्या माझ्यासारख्याला त्या कायद्याची कलमे वाचताना जाणवते ते हे, की करुणा आणि कोतवाली यांच्यामधील भिंत वाटते तितकी जाड नसते.

दुसरा प्रश्न धर्माचा. मिशनांनी आपला हेतू कधी लपविला नाही; रोग्याच्या शरीराबरोबर त्याच्या आत्म्याचीही चिंता वाहावयाची, असे ते उघड सांगत. आश्रमात प्रार्थनामंदिर असे, व पुष्कळ रोगी बाप्तिस्मा घेत. त्यांतील कित्येकांची श्रद्धा निःसंशय खरी होती. ज्या धर्माचे लोक आपल्याला शिवतात तो धर्म आपला वाटावा, यात अस्वाभाविक काही नाही. तरीही ज्याला जावयास दुसरे दारच नाही, त्याचा होकार कितपत मोकळा मानावा, ही शंका उरतेच. स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश सरकारने नागपूरचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 मधील तिच्या अहवालाने शाळा व इस्पितळे यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा स्पष्ट ठपका ठेवला. मिशनांनी तो नाकारला. त्या वादाचा निकाल येथे लावण्याचे कारण नाही. पण दान घेणारा जोवर दात्यावर सर्वस्वी अवलंबून आहे, तोवर असा वाद अटळ आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

या परावलंबनाच्या मुळावरच घाव घालण्याचे श्रेयही एका मिशनच्याच इस्पितळाकडे जाते. 1940 नंतरच्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे आली आणि रोग खरोखरच बरा होऊ लागला. चिंगलपेट येथे डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी या औषधांवर महत्त्वाचे काम केले. पण जंतू मेले तरी वाकडी झालेली बोटे वाकडीच राहत. 1947 मध्ये कॉक्रेन यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील तरुण शल्यवैद्य पॉल ब्रँड यांना आपली वसाहत दाखविली. ब्रँड यांचा जन्म तामिळ मुलखातील कोल्ली डोंगरावर मिशनरी आईबापांच्या पोटी झालेला. एका रोग्याच्या वाकड्या हातात त्यांनी आपला हात दिला, आणि त्या पकडीचा जोर पाहून ते चकित झाले. हातातील काही स्नायू लुळे पडले होते, पण बाकीचे धडधाकट होते. मग त्या धडधाकट स्नायूंचा कंडरा लुळ्या बोटांना का जोडू नये? 1948 मध्ये त्यांनी अशी पहिली शस्त्रक्रिया केली.

याहून मोलाचा होता तो दुसरा शोध. महारोगाने मांस सडून बोटे झडतात, अशी जगभर समजूत होती. ब्रँड यांनी दाखवून दिले, की रोगाने मरते ती वेदनेची जाणीव. बोटे जातात ती न जाणवलेल्या जखमांनी, भाजण्याने आणि त्यांतून होणाऱ्या विकारांनी. काहींची बोटे रात्रीतून नाहीशी होत, ती झोपेत उंदरांनी कुरतडल्यामुळे, असे आढळून आले. त्यावर उपाय म्हणून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्यात येऊ लागले! ज्याला हजारो वर्षे दैवी कोप मानले, त्याच्या एका भागावर मांजर हा उतारा होता.

तथापि खरी कसोटी पुढेच होती. ब्रँड यांनीच सांगितलेली हकीकत अशी, की शस्त्रक्रियेने हात सुधारलेला एक रोगी परत येऊन गाऱ्हाणे करू लागला: या हातांनी भीकही धड मिळत नाही. वाकडी बोटे पाहून लोक पैसा टाकीत. सरळ बोटे पाहून टाकीनासे झाले, आणि रोगाच्या खुणा पाहून काम तर कोणी देईना. या एका तक्रारीत पाऊण शतकाच्या दयेचा सारा हिशेब येऊन जातो. तिचे उत्तर म्हणून 1951 मध्ये वेल्लोरला ‘नवजीवन’ केंद्र निघाले. शस्त्रक्रिया झालेल्यांना तेथे सुतारकाम शिकविले जाई, आणि हत्यार कसे धरले म्हणजे न दुखणाऱ्या हाताला इजा होणार नाही, हेही.

हाच विचार आपल्या विदर्भात स्वतंत्रपणे अंकुरला होता. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठधाम सुरू केले. बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले आणि रोग्यांच्या हाती कुदळ दिली. त्यांची प्रेरणा निराळी, भाषा निराळी. निष्कर्ष मात्र एकच.

पुढे 1982 पासून बहुविध औषधोपचार पद्धती आली. 2005 च्या अखेरीस रोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आल्याचे राष्ट्रीय पातळीवर नोंदले गेले. 1898 चा तो कायदा मात्र 2016 पर्यंत पुस्तकात होता, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 मध्ये कायद्यातून निघाले. जंतूपेक्षा कलम अधिक चिवट ठरले, असेच म्हणावे लागेल.

मिशनांचे ऋण मोठे आहे. ज्यांना कोणी शिवत नव्हते त्यांना त्यांनी प्रथम शिवले. त्यांच्या कार्यातील उणिवाही त्याच इतिहासात नोंदलेल्या आहेत, आणि त्या दाखविल्याने हे ऋण कमी होत नाही. परंतु कोणत्याही सेवेचे, मग ती धर्माची असो वा सरकारची, मोजमाप किती हातांवर अन्न ठेवले यावर थांबू नये. त्यांतील किती हातांना पुन्हा पसरावे लागले नाही, याची मोजदाद अधिक कठीण आहे. ती केली पाहिजे.