‘ट्रेलवॉकर’चा उगम आणि गुरखा सैनिकांचे निवृत्तिवेतन

कचेरीतील चौघांनी मिळून परमुलखात डोंगर तुडवावेत आणि त्या श्रमांच्या नावावर ओळखीच्यांकडून धर्मादाय निधी गोळा करावा, ही प्रथा आज खाजगी कंपन्यांत चांगलीच रुळली आहे. तिचा एक प्रसिद्ध नमुना जो ‘ट्रेलवॉकर’, त्याचा उगम मात्र कंपनीत नसून पलटणीत आहे.

हाँगकाँगचे गव्हर्नर मॅक्लेहोस यांच्या नावाची १०० किलोमीटरांची डोंगरवाट १९७९ मध्ये खुली झाली. १९८१ मध्ये तेथील ब्रिटिश सैन्यातील क्वीन्स गुरखा सिग्नल्स या दळणवळण पथकाने ती सरावासाठी निवडली आणि चालण्याला निधीची जोड दिली. हा निधी ‘गुरखा वेल्फेअर ट्रस्ट’साठी होता.

अशा निधीची गरज का पडावी, हा खरा प्रश्न होय. (आपल्या शहरांत ‘गुरखा’ म्हणजे पहारेकरी एवढाच अर्थ उरल्याने तो सहसा विचारला जात नाही.) १९४७ च्या त्रिपक्षीय करारानंतर ब्रिटिश सेवेतील गुरख्यांचे मूळ वेतन व निवृत्तिवेतन भारतीय सैन्याच्या दरांशी निगडित राहिले. निवृत्तिवेतनास पंधरा वर्षांची सेवा आवश्यक होती. दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि पुन्हा १९६७ पासूनच्या सैन्यकपातीत, ती पुरी होण्याआधीच घरी पाठविलेले अनेक सैनिक रिक्तहस्ते नेपाळात परतले. त्यांच्यासाठी १९६९ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. सेवेतील गुरखेही त्यास वर्षाकाठी एका दिवसाचा पगार देत आले आहेत. मालकाने द्यावयाचे ते सहकाऱ्यांनी घाम गाळून दिले, असे म्हणावयास हरकत नसावी. सरकारची बाजू अशी की, ब्रिटिश सैनिकास बावीस वर्षांनी मिळणारे निवृत्तिवेतन गुरख्यास पंधराव्या वर्षीच मिळे आणि नेपाळातील राहणीमानास ते पुरेसे होते. परंतु ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांना हा युक्तिवाद लागू पडत नाही.

१९८६ मध्ये ऑक्सफॅम या संस्थेच्या सहभागाने नागरिकांनाही प्रवेश मिळाला. १९९७ मध्ये हाँगकाँग चीनकडे गेले, गुरखे इंग्लंडला हलले आणि तेथे साउथ डाउन्सच्या टेकड्यांवर नवी ‘ट्रेलवॉकर’ सुरू झाली. तिचा निधी ऑक्सफॅम व गुरखा ट्रस्ट यांत वाटला जाई.

२००७ मध्ये ब्रिटिश सरकारने गुरख्यांना अन्य सैनिकांच्या निवृत्तिवेतन योजनेत येऊ दिले, पण १ जुलै १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वगळले. त्या तारखेपूर्वीची सेवाही कमी दराने मोजली. २०१६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेद ग्राह्य ठरविला. तोवर गुरख्यांचा तळ हाँगकाँगला होता, सबब त्यांचे ब्रिटनशी नाते जुळलेले नव्हते, हे त्यामागील एक कारण होते.