साठ मीटर की दोनशे? वरळीच्या समुद्रातला न बांधलेला खांब

पीएचडीचा विषय सांगितला की पेठला घरी हमखास एकच प्रश्न येतो: "पुलाला विरोध? पूल नको असं कोण म्हणेल?" प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की पलीकडचा पाडा तुटतो. शाळा, दवाखाना, बाजार, सगळं पाणी ओसरेपर्यंत थांबतं. पूल मागत आयुष्य गेलेल्या माणसांना पुलाविरुद्धचं आंदोलन म्हणजे पोट भरलेल्यांचे नखरे वाटणारच. मलाही आधी तसंच वाटायचं. मग मी वरळी कोळीवाड्याचं प्रकरण वाचायला घेतलं.

मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं. हा रस्ता पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडायचा होता, आणि जोडणारा पूल वरळीच्या क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी येत होता. कोळ्यांच्या होड्या याच वाटेनं समुद्रात जातात. महापालिकेच्या आराखड्यात दोन खांबांमधला गाळा ६० मीटरचा होता. कोळी म्हणाले, २०० मीटर हवा. नंतर ते १६० वर आले. महापालिका ६० वरून हलेना.

इथे जरा थांबू या, कारण भांडण नेमकं कशाचं आहे ते सहज निसटतं. होडी काही मीटर रुंद. मग ६० मीटर पुरत नाहीत? कागदावर पुरतात. पण होडी रुळावरून चालत नाही. वारा आणि ओढ तिला आडवी ढकलतात. खांबांजवळ पाणी वेगळंच वागतं. समोरून दुसरी होडी येत असते. आणि मध्येच इंजिन बंद पडलं तर? इंजिनिअर वाट मोजत होते, कोळी चुकायला लागणारी जागा मोजत होते. शिवाय सागरी सेतूचे खांब २००९ पासून त्यांच्या समोर उभेच होते. खांबांमधून होडी काढणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

हट्टी अधिकारी आणि पूल म्हटलं की माझ्या विषयात एक नाव येतंच: न्यूयॉर्कचे रॉबर्ट मोझेस. कधीही निवडून न आलेला हा माणूस शहराचे पूल आणि रस्ते ठरवायचा. १९३९ मध्ये त्यांनी ब्रुकलिन ते मॅनहॅटनचं टोक, बॅटरी, असा प्रचंड पूल पुढे रेटला. नागरिकांनी विरोध केला. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी आपल्या वृत्तपत्रातल्या सदरातून त्यावर टीका केली. पण पूल अडला तो युद्ध खात्यानं नकार दिल्यामुळे. कारण काय, तर लढाईत पूल कोसळला तर नौदलाच्या गोदीची वाट बंद होईल! शेवटी तिथे बोगदा झाला, १९५० मध्ये.

म्हणजे तिथेही मुद्दा बोटींच्या वाटेचाच होता. फक्त बोटी नौदलाच्या होत्या.

वरळीकडे ना नौदल ना राष्ट्राध्यक्षांची पत्नी. न्यायालयाचा रस्ता मात्र चोखाळून झाला होता. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं किनारी रस्त्याची परवानगी रद्द केली. याचिकाकर्त्यांत वरळीचे मच्छीमारही होते. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम परत सुरू झालं. मग २०२१ मध्ये कोळ्यांनी होड्या समुद्रात नेऊन कामच अडवलं. तज्ज्ञांचे अहवाल एकीकडे, आडव्या लावलेल्या होड्या दुसरीकडे. या टप्प्यावरचं वाचताना मला पहिल्यांदा जाणवलं, की 'विकासाला विरोध' हा शब्द इथे लागूच पडत नाही. पूल नको असं ते म्हणतच नव्हते. एक खांब नको, एवढंच.

डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी १२० मीटरचा गाळा मान्य केला. हिशेब सोपा आहे. साठ-साठच्या दोन गाळ्यांमधला खांब काढला की १२० होतात. पण खांब काढला की वरचा भार पेलायला वेगळी रचना लागते. म्हणून तिथे धनुष्याच्या आकाराच्या कमानी आल्या. पहिली एप्रिल २०२४ मध्ये बसवली, १३६ मीटर लांब, वजन सुमारे २,००० टन. सप्टेंबरमध्ये जोडरस्ता खुला झाला. अभियांत्रिकीचा चमत्कार म्हणून या कमानींचे फोटो सगळीकडे फिरले. त्या कोणाच्या हट्टामुळे आल्या, हे त्या कौतुकात फारसं कुणी सांगितलं नाही.

कोळी पूर्ण जिंकले असंही नाही. त्यांनी २०० मागितले, मिळाले १२०. भरावाखाली गेलेल्या मासेमारीच्या जागा तर परत येणार नाहीत. नुकसानभरपाईचा मामला वेगळाच गुंता आहे, त्यावर पुढे लिहीन.

घरी हे सगळं सांगितलं तेव्हा आजोबांनी एकच विचारलं, "पावसात त्यांची होडी जाते का आता?" पुढच्या पावसाळ्यात वरळीला जाणार आहे. वहीत हा प्रश्न पहिला लिहिलाय.