मलप्पुरमची बिनतारी साक्षरता

१८ एप्रिल १९९१ रोजी केरळ संपूर्ण साक्षर झाल्याची घोषणा कोळिकोड येथे चेलक्कोडन आयशा या नवसाक्षर महिलेने केली. त्या मलप्पुरम जिल्ह्यातील होत्या. अकरा वर्षांनी, १८ नोव्हेंबर २००२ रोजी, राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘अक्षय’ या संगणक-साक्षरता योजनेचा आरंभ झाला आणि तिच्या प्रयोगासाठी निवड झाली ती याच जिल्ह्याची. प्रत्येक कुटुंबातील किमान एका व्यक्तीला संगणकाची ओळख करून देणे, हे तिचे उद्दिष्ट होते.

ही योजना ग्रामपंचायतींच्या खांद्यावर उभी राहिली. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेपासून केरळने नियोजन निधीचा मोठा वाटा स्थानिक संस्थांकडे सोपविला होता. त्यामुळे प्रशिक्षणाच्या शुल्काचा बहुतेक भार त्यांना उचलता आला. शिकणाऱ्याच्या वाट्याला अल्प रक्कम उरली. केंद्र घरापासून साधारण दोन किलोमीटरच्या आत असावे, असा दंडक होता. आखाती देशांत गेलेल्या आप्तांशी पडद्यावर समोरासमोर बोलता येते, हे कळल्यावर गृहिणीही केंद्रांकडे वळल्या.

पुढचा प्रश्न जोडणीचा होता. डोंगराळ, विखुरलेल्या वस्तीत तारा टाकणे खर्चिक. म्हणून केंद्रे बिनतारी जाळ्याने जोडण्यात आली. अशा उच्च वारंवारतेच्या लहरींना प्रेषक आणि ग्राहक यांच्यात मोकळी दृष्टिरेषा लागते. ओली पालवी त्यांची ऊर्जा शोषून घेते. त्यामुळे दाट झाडीच्या प्रदेशात अँटेना झाडांच्या शेंड्यांच्या वर न्यावा लागतो आणि उंच मनोऱ्याचा खर्च येतो.

तंत्राइतकाच अडसर कायद्याचाही होता. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगणे हाच गुन्हा होता. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठरावीक शक्तिमर्यादेत परवानामुक्त केला आणि वाय-फायचा घराबाहेरील वापर देशभर सुलभ झाला. डिसेंबर २०२० च्या ‘पीएम-वाणी’ योजनेने तर किराणा दुकानदारालाही परवान्याविना सार्वजनिक वाय-फाय पुरविण्याची मुभा दिली.

तरीही लहरी मोकळ्या झाल्याने माणसे आपोआप जोडली जात नाहीत. मलप्पुरममध्ये प्रशिक्षणाचा पहिला टप्पा संपताच शुल्काचे उत्पन्न आटले. कर्ज काढून केंद्र चालविणारे अनेक उद्योजक अडचणीत आले आणि काही केंद्रे बंद पडली. जी टिकली, ती वीजबिले, दाखले, अर्ज अशा रोजच्या कामांमुळे.

१ जून २०२० रोजी केरळमध्ये दूरचित्रवाणी आणि इंटरनेटवरून शाळा सुरू झाली, तेव्हा अडीच लाखांहून अधिक विद्यार्थ्यांकडे त्यासाठीचे साधनच नसल्याचे सर्वेक्षणात आढळले होते. देशात संगणक-साक्षरतेत अग्रणी ठरलेल्या राज्याची ही स्थिती होती. त्या वेळी ग्रंथालये, अंगणवाड्या आणि स्थानिक संस्थांनी सामूहिक वर्गांची सोय केली. म्हणजे अठरा वर्षांनंतरही घराजवळची सार्वजनिक खोली आणि तिची जबाबदारी घेणारी स्थानिक संस्था यांचीच गरज भासली.

आज गावागावांत वाय-फायची चर्चा होते, ती वेग आणि व्याप्ती यांची. मलप्पुरमचा इतिहास आणखी तीन प्रश्न विचारायला लावतो: शिकविणारा कोण, शुल्क कोण भरणार आणि अनुदान संपल्यावर केंद्राचे दार कोण उघडे ठेवणार?