नाममुद्रा आणि संशोधननीति

हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवांचें जन्मग्राम म्हणून प्रसिद्ध आहे. त्यांच्या गाथेंत सोळाव्या शतकांतील विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले. येथें चोर कोणीच नाहीं. नाममुद्रेच्या सारखेपणामुळें एकाचें कर्तृत्व दुसऱ्याच्या नांवीं पडलें.

विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं पीएच्.डी.च्या विद्यार्थ्यांस संशोधननीतीचा ३० तासांचा अभ्यासक्रम आवश्यक केला, हें आम्हांस इष्टच वाटतें. मात्र २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत शेंकडा १० पर्यंतचें साम्य दंडावांचून सुटतें, आणि तें मोजणारें यंत्र केवळ शब्द जुळवितें. पाठ कोणत्या पोथींतला, मताविरुद्ध जाणारी पोथी मुद्दाम बाजूस सारली काय, हें त्यास कळत नाहीं. त्या ३० तासांपैकीं दोन तास तरी विद्यार्थ्यांस गाथेच्या दोन प्रती शेजारीं ठेवून बसवावें, अशी आमची सूचना आहे.