मेणवलीची घंटा

वाईजवळ कृष्णाकांठीं मेणवली नांवाचें गांव आहे. तेथील घाटावर, नाना फडणिसांच्या वाड्यामागें, मेणेश्वराच्या देवळाशेजारीं एक जुनी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर पवित्र मरिया व बाळ येशू यांची आकृति असून १७०७ हें सालहि आहे. शिवालयापाशीं मरियेची घंटा कशी आली, हें या ज्युबिलीच्या प्रसंगीं सांगावें असें आम्हांस वाटतें.

अठराव्या शतकांतील युरोपीय कला म्हटली कीं राजवाड्यांतील चित्रें व चिनी मातीचीं नाजूक भांडीं डोळ्यांपुढें येतात. परंतु गोरगरिबांच्या वांट्यास ती कला आली ती घंटेच्या रूपानें. ओतारी खड्ड्यांत मातीचा गाभा रचीत, त्यावर मातीचीच कच्ची घंटा घडवीत आणि तिजवर मेणाचीं अक्षरें व चित्रें बसवीत. वरून मातीचें कवच चढवून तापविलें कीं मेण वितळे व आकृति कवचांत उलट उमटे. मग कच्ची घंटा काढून त्या पोकळींत तांबें व कथील यांचा रस ओतीत. पुढें बिशप तिला तैलाभ्यंग करून संताचें नांव देत.

१६ मे १७३९ रोजीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. तहान्वयें मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. मेणवलीची घंटा त्यांपैकींच, अशी परंपरा आहे. नाशिकास १७४७ मध्यें बांधलेल्या नारोशंकराच्या देवळावर १७२१ सालची पोर्तुगीज घंटा आहे. भीमाशंकरासहि तशीच एक आहे.

आमच्या पूर्वजांस हें दुःख झालेंच असेल. तें आम्ही लपवीत नाहीं. तथापि याच शतकाच्या अखेरीस खुद्द ख्रिस्ती फ्रान्समध्यें राज्यक्रांतीच्या काळांत देवळांतील घंटा वितळवून तोफा व नाणीं पाडलीं गेलीं. मराठ्यांसहि तोफांची गरज होतीच. तरी त्यांनीं या घंटा जपल्या, देवाच्याच दारीं बांधल्या आणि मेणवलीस मरियेची आकृति कोणीं घासून काढली नाहीं.

म्हणून "ती आमची, परत द्या" असें म्हणण्याचें आमच्या मनांत येत नाहीं. मेणवलीवरून वाहणारी कृष्णा पुढें हरिपुरास आपल्या वारणेस भेटते. बंधुभगिनींनो, वाईस गेलांत तर त्या घंटेपुढें क्षणभर थांबा, मरियेस नमस्कार करा, आणि दोन शतकांहून अधिक काळ तिला सांभाळणाऱ्या शेजाऱ्यांकरितांहि एक प्रार्थना म्हणा.