वकील दूर, तरी जबाबदारी तीच

मुरबाडला अद्याप रेल्वे पोहोचलेली नाही. शहापूरसाठी आसनगाव स्थानक असले, तरी आतल्या पाड्यांवरून तेथवर येणेही सोपे नाही. जिल्हा न्यायालय ठाण्याला असल्याने वकिलाशी दूरध्वनीवर सल्लामसलत करणे आणि सातबारा मोबाइलवरून पाठवणे पक्षकाराच्या सोयीचे ठरते. मात्र, या सोयीमुळे वकिलाच्या व्यावसायिक नीतिनियमांत कोणतीही सवलत मिळत नाही.

महाराष्ट्रातीलच डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये दूरदृश्य माध्यमातून साक्ष नोंदवण्यास मान्यता दिली. करोनाकाळात, ६ एप्रिल २०२० रोजी, अशा सुनावण्यांसाठी देशभरातील न्यायालयांना निर्देश देण्यात आले. न्यायालयाच्या ई-समितीच्या नमुना नियमांनुसार सुनावणीचे परवानगीविना ध्वनिचित्रमुद्रण करता येत नाही; साक्षीदाराला पडद्याआडून पढवणेही निषिद्ध आहे.

जमिनीच्या व्यवहारात धोका अधिक असतो. पक्षकार गावी, वकील शहरात आणि मधल्या निरोपांसाठी दलाल, अशी साखळी तयार होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाने केवळ पक्षकार किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीच्याच सूचनेवरून काम करावयाचे असते. त्यामुळे तडजोडीचा निरोप दलालाकडून आला, तर खुद्द पक्षकाराशी बोलून खातरजमा करणे वकिलाचे कर्तव्य ठरते. आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने निर्बंध घातले आहेत. तेथे चुकीच्या निरोपाची किंमत जमिनीच्या रूपाने मोजावी लागू शकते.

पक्षकाराची माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे. वकिली संपल्यानंतरही ते कायम राहते. गुन्ह्याच्या हेतूने दिलेली माहिती त्याला अपवाद आहे. पक्षकाराची कागदपत्रे सामायिक मोबाइल गटात टाकणे या बंधनाशी विसंगत आहे. पक्षकाराकडून मिळालेल्या पैशांचा हिशेब ठेवणेही वकिलाला बंधनकारक आहे. रक्कम ऑनलाइन आली तरी त्यात फरक पडत नाही. वकिलांना जाहिरात करण्यास मनाई आहे. २००८ मधील दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशी मर्यादित माहिती देण्याची मुभा मिळाली.

गैरवर्तनाची लेखी तक्रार बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे करता येते. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ नुसार शिस्तपालन समिती वकिलाला समज देऊ शकते, त्याची सनद निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव यादीतून वगळू शकते. तक्रारीसाठी वकीलपत्राची प्रत, पैसे दिल्याच्या पावत्या आणि संदेश जपून ठेवणे पक्षकाराच्या हिताचे आहे.